युअर क्लॉक इज बिहाइंड

नाशिकला सीबीएस बसस्थानकाजवळ, कोर्टाच्या बाजूला माझा छोटा गाळा आहे. प्रतिज्ञापत्रं, भाडेकरार, वारसनोंदीचे अर्ज आणि सिझनला लग्नपत्रिका, असं सगळं मराठी टायपिंग करते. १९ वर्षं झाली. रोज दहा तास कॉम्प्युटरसमोर बसते, आणि "मला त्यातलं काही कळत नाही हो" हे मी परवापरवापर्यंत मोठ्या तोऱ्यात सांगायचे. मशीन अडलं की दुरुस्तीवाल्या पोराला फोन. तो यायचा, खुर्ची ओढायचा, लांब सुस्कारा सोडायचा आणि म्हणायचा, "फॉरमॅट मारावं लागेल, काकू." सातशे रुपये. वर माझे सगळे फॉन्ट गायब, ते परत टाकायला अर्धा दिवस.

दोन वर्षांपूर्वीच्या डिसेंबरातली गोष्ट. सकाळी मशीन सुरू केलं तर एकही वेबसाइट उघडेना. मेल नाही, काही नाही. नेट मात्र चालू, कारण मोबाइलवर सगळं दिसत होतं. शेजारच्या झेरॉक्सवाल्याने थंडीला दोष दिला. (निफाडला पारा उतरला की आमच्याकडे कशालाही थंडीच कारण असते.) दुरुस्तीवाल्याने फोनवरच फॉरमॅटचं निदान केलं. बाहेर तीन पक्षकार उभे होते, म्हणून घाईघाईत पुण्यातल्या भाच्याला फोन लावला.

"मावशी, स्क्रीनवर काय लिहिलंय?"

"एरर आलाय."

"एरर नको सांगूस. जे लिहिलंय ते जसंच्या तसं वाच."

"इंग्रजीत आहे रे."

"मग इंग्रजीत वाच."

मी चष्मा लावला आणि पहिलीतल्या पोरीसारखं वाचलं, "युअर क्लॉक इज बिहाइंड."

तो काहीच बोलला नाही. नंतर अगदी हळू आवाजात म्हणाला, "खाली उजव्या कोपऱ्यात तारीख काय दिसतेय, मावशी?"

१ जानेवारी २०१६.

म्हणजे ते यंत्र दीड तास मला ओरडून सांगत होतं की माझं घड्याळ मागे पडलंय, आणि मी गावभर सांगत होते की बिघडलं, बिघडलं.

नंतर त्याने समजावलं ते असं. मदरबोर्डवर एक बटणासारखा सेल असतो, सीआर २०३२ नावाचा, तीन व्होल्टचा. वीज नसताना कॉम्प्युटरचं घड्याळ त्याच्यावर चालतं. सेल मेला की वीज बंद होताच मशीन तारीख विसरतं. आणि प्रत्येक सुरक्षित वेबसाइटकडे ओळखपत्रासारखं एक प्रमाणपत्र असतं, त्यावर 'या तारखेपासून या तारखेपर्यंत' असं लिहिलेलं असतं. माझं मशीन २०१६ सालात बसून आजची प्रमाणपत्रं तपासत होतं. त्याच्या हिशेबाने ती अजून निघालीच नव्हती. कोर्टाजवळ बसून मुदतीचा हा मुद्दा मला लगेच कळला.

सेल मेन रोडवर घड्याळवाल्याकडे मिळाला, चाळीस रुपयांना. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ कॉल लावून, वायर काढून, कॅबिनेट उघडून मी स्वतः बसवला. छोटी पट्टी नखाने बाजूला केली की जुना टुणकन वर येतो, नवा बसवताना अधिकची खूण वर. आत धुळीची गोधडीच झाली होती, तीही झटकली. सुरू केल्यावर एकदा तारीख नीट लावली, झालं.

सेल इतक्या लवकर का संपला, हेही विचारलं. म्हणाला, प्लगला वीज चालू असेल तर घड्याळ त्या विजेवर चालतं आणि सेलवर ताण येत नाही. मी रोज संध्याकाळी गाळ्याचा मेन स्विच पाडून जाते. सासऱ्यांची शिकवण: घर सोडताना मेन बंद. त्यांच्या काळात गाळ्यात एक बल्ब आणि एक टाइपरायटर होता. मी अजूनही पाडतेच. सेल चाळीस रुपयांचा, आगीची भीती त्याहून मोठी.

त्या दिवशी एक दोनशे पानी वही घेतली. काही अडलं की तारीख, वेळ, स्क्रीनवरचं वाक्य जसंच्या तसं, आणि त्याआधी मी काय केलं होतं ते लिहायचं. शेवटचा रकाना भाच्याच्या हट्टाचा. "मी काहीच केलं नाही" असं लिहायला मनाई आहे.

वहीचा पहिला फायदा असा झाला की लोक मलाच विचारायला लागले. वकिलांचे ज्युनिअर पेनड्राइव्ह घेऊन येतात. "ताई, फाइल करप्ट झाली, सगळं अगडमबगडम दिसतंय." फाइल धडधाकट असते. त्यांच्या सरांनी कृतिदेवमध्ये टाइप केलेलं असतं. या जुन्या फॉन्टमध्ये आत साठलेली असतात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच, त्यांना फक्त देवनागरीचा सदरा घातलेला. ज्या मशीनवर तो फॉन्ट नाही तिथे सदरा उतरतो. युनिकोडमध्ये मात्र 'क'ला स्वतःचा क्रमांक आहे, फॉन्ट बदलला तरी 'क' हा 'क'च.

मग ते म्हणतात, कृतिदेवचं युनिकोड करणाऱ्या कन्व्हर्टरमधून काढून द्या. देते, पण वाचल्याशिवाय देत नाही. कृतिदेवमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये अक्षरानंतर. रफारचं उलट: जुन्यात अक्षरानंतर, युनिकोडमध्ये आधी. उलटापालट करताना कन्व्हर्टर अडखळतो. एकदा वारसनोंदीच्या अर्जात वर्मांचे वमा झाले होते. तसा गेला असता तर त्या माणसाला वडिलांचा मुलगा असल्याचं पुन्हा सिद्ध करत फिरावं लागलं असतं. आणि 'वाऱ्यावर'मधला तो र येत नाही म्हणून 'वार्यावर' लिहिणाऱ्यांनो, इनस्क्रिप्ट या मराठी कीबोर्डमध्ये शिफ्ट दाबून जे, मग हलन्त, मग य. पोरांना मी हे आधी शिकवते, बाकीचं नंतर.

भाच्याला यातलं काही येत नाही. त्याला प्रोसेसर कळतात. माझ्या मशीनवरच्या विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला तेव्हा एका दुकानात मला सांगितलं, नवीन मशीनच घ्या. मी वहीतून प्रोसेसरचं नाव वाचून दाखवलं. भाचा म्हणाला, सहाव्या पिढीचा आहे, विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीपासूनचा लागतो, तेव्हा दुकानदार खोटं बोलत नाहीये. पण मायक्रोसॉफ्ट आणखी एक वर्षभर सुरक्षेचे अपडेट देतंय, त्यात नाव नोंदव आणि सावकाश पैसे जमव. तसंच केलं.

आमच्या बिल्डिंगमधल्या काकांनी मात्र मदतीसाठी इंटरनेटवर 'प्रिंटर हेल्पलाइन' शोधून पहिल्याच नंबरला फोन लावला. समोरचा फार गोड बोलला आणि स्क्रीन त्याच्या ताब्यात देणारं ॲप टाकायला सांगितलं. काकूंनी मोबाइल हिसकावून घेतला म्हणून वाचले. असे पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करायचा, हे वहीच्या मागच्या पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलंय.

आता माझं सध्याचं प्रकरण. नवा वाय-फायचा प्रिंटर अधूनमधून 'ऑफलाइन' व्हायचा. भाच्याने प्रिंट स्पूलर बंद करून पुन्हा सुरू करायला शिकवलं, म्हणजे अडकलेल्या कामांची रांग मोकळी होते. केलं. चालला. दुसऱ्या दिवशी पुन्हा ऑफलाइन. ड्रायव्हर, म्हणजे प्रिंटर चालवणारा प्रोग्रॅम, पुन्हा टाकला, तरी तेच. दोन आठवडे हा खेळ. मग एका संध्याकाळी सहज वहीतला वेळेचा रकाना वरून खाली वाचला: २.०५, २.१०, २.००, २.१०. आणि रविवार सोडून रोज.

वाय-फाय आम्ही झेरॉक्सवाल्याबरोबर अर्धं अर्धं घेतलंय. राउटर त्याच्या गाळ्यात. दोनला तो जेवायला जातो.

दुसऱ्या दिवशी दोन वाजता त्याच्या दारात जाऊन उभी राहिले. त्याने शटर अर्धं ओढलं, हात वर केला आणि मेन स्विच पाडला.

"अहो, हे रोज करता?"

"मग काय, ताई? तुमच्या सासऱ्यांनीच लावलेली सवय."