केळघर घाटात अडलेला गिअर: जुन्या स्प्लेंडरवर सांगली ते महाबळेश्वर

गेल्या नोव्हेंबरमध्ये अण्णांची २००३ सालची हीरो होंडा स्प्लेंडर घेऊन मी आणि माझा मामेभाऊ सांगलीहून साताऱ्याला, तेथून मेढा व केळघर घाटमार्गे महाबळेश्वरला आणि परतताना पाचगणी-वाईमार्गे असे फिरून आलो. तीन दिवसांचा बेत चार दिवसांचा झाला, कारण निघण्यापूर्वी एका कारागिराने आणि वाटेत दुसऱ्याने गिअरविषयी जे सांगितले ते दोन्ही चुकीचे निघाले. जुनी शंभर सीसीची गाडी घेऊन या वाटेने जाणाऱ्यांना तोच मनस्ताप होऊ नये, एवढ्यासाठी हे लिहीत आहे. महाबळेश्वरात काय पाहावे हे सांगणारे पुष्कळ आहेत.

निघण्याच्या आठवडाभर आधीपासून पहिल्यातून दुसरा गिअर टाकताना पायाला जोर लावावा लागत होता आणि चौकात उभे राहिल्यावर न्यूट्रल सापडत नव्हते. गाडी नेहमीच्या गॅरेजमध्ये दाखवली, तेव्हा "वीस वर्षांची गाडी आहे दादा, गिअर थोडा जड राहणारच, ऑइल बदललं की चालेल," असे सांगून ऑइल बदलून देण्यात आले. मी ते खरे मानले. जड गिअर हे गाडीच्या वयाचे लक्षण आहे, असे कोणी सांगितले तर कृपा करून मान डोलावून गाडी बाहेर काढू नका. एवढ्या वर्षांत चांगली राखलेली हीच गाडी पायाच्या बोटांनी गिअर घेत असे.

सांगलीहून आष्ट्यामार्गे पेठनाका आणि तेथून महामार्गाने कराड, उंब्रज, सातारा हे सुमारे १२० किलोमीटर आम्ही चार तासांत, दोनदा चहा घेऊन पार केले. रुंदीकरणाच्या कामामुळे ठिकठिकाणी सेवारस्त्यावर उतरावे लागत होते, एवढेच या दिवसाबद्दल सांगण्यासारखे आहे. महामार्गाने मला फसवले, असे मात्र मी म्हणेन. सपाट रस्त्यावर एकदा चौथा गिअर पडला की तासभर पाय हलवावा लागत नाही, त्यामुळे दोष असूनही जाणवत नाही. कराडजवळच्या कोंडीत क्लच पूर्ण दाबलेला असतानाही गाडी पुढे सरकू पाहत होती. हा इशारा पुरेसा होता आणि मी तो ओळखायला हवा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी साताऱ्याहून मेढ्यापर्यंतचे सुमारे २५ किलोमीटर सुखाचे गेले. केळघर सोडले की चढ लागतो, आणि दोन माणसे व सामान घेऊन शंभर सीसीच्या गाडीला तेथे तिसऱ्यातून दुसऱ्यावर वारंवार यावे लागते. इंजिन तापल्यावर एका उलट्या वळणावर मी क्लच दाबून टाचेने गिअर कमी करायला गेलो, तर लीव्हर जागचा हलेना. समोरून एसटी उतरत होती, वेग संपत आला होता, तिसऱ्यात इंजिन धडधडू लागले होते आणि डाव्या हाताला दरी होती. मी ब्रेक दाबून धरला, भाऊ उडी मारून उतरला आणि गाडी बंद पडली. न्यूट्रल करून पुन्हा किक मारली, पण पहिला टाकताच क्लच दाबलेला असूनही गाडीने पुढे झेप घेतली आणि पुन्हा बंद पडली. असे पाऊण तासात चार वेळा झाले. त्या वळणावर थांबायला पुरेशी जागा नाही, हे पुढे जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावे: गिअर कुरकुरू लागला असेल तर घाट सुरू होण्याआधी थांबा, घाटात थांबण्याची वेळ आणू नका.

आम्ही माघारी फिरलो. उतारावर दुसऱ्या गिअरमध्येच राहून, जेथे बदलणे अटळ होते तेथे ॲक्सिलरेटर क्षणभर सोडून त्याच क्षणी लीव्हर दाबत खाली आलो. मेढ्याच्या वाटेवरील एका गॅरेजमध्ये कारागिराने उभ्या गाडीचा लीव्हर दोनदा हलवून पाहिला आणि निर्णय दिला: "साहेब, फोर्क वाकलाय, गिअरबॉक्स खोलावाच लागेल." फोर्क म्हणजे गिअरबॉक्सच्या आत गिअर सरकवणारा चिमट्यासारखा भाग. साडेसहा हजार रुपये आणि दोन दिवस. नुसते पाहण्याचे दोनशे घेतले, तेही मी थकव्यामुळे निमूट दिले. गाडी मुख्य स्टँडवर न घेता आणि क्लचला हातही न लावता जो कारागीर इंजिन खोलण्याची भाषा करतो, त्याच्याकडे गाडी सोडू नये. त्याने इंजिन खोललेच असते, तर आतले सुस्थितीतले भाग बाहेर काढून मूळ दोष बाहेरच लटकत राहिला असता.

साताऱ्यात पोवई नाक्याच्या बाजूला एका वयस्क मिस्त्रींनी गाडी मुख्य स्टँडवर चढवली, इंजिन बंद ठेवले आणि मागचे चाक हाताने फिरवत एकेक गिअर टाकून पाहिला. चारही गिअर लोण्यासारखे पडले. मग इंजिन चालू करून, क्लच दाबून पहिला टाकला, तर खटका उडून मागचे चाक गरगर फिरू लागले आणि ब्रेक लावताच इंजिन बंद पडले. "पाव्हणं, गिअरला काय बी झालेलं न्हाई. क्लच सुटंना झालाय," ते म्हणाले. म्हणजे क्लच लीव्हर दाबूनही इंजिनाचा गिअरबॉक्सशी संबंध पूर्ण तुटत नव्हता. ही दोन मिनिटांची परीक्षा प्रत्येकाने घरी करून पाहावी. इंजिन बंद असताना गिअर सहज पडतात आणि चालू असताना अडतात, तर आधी क्लचकडे पाहावे. बंद असतानाही अडत असतील तरच गिअर लीव्हर, त्याचा शाफ्ट आणि मग आतल्या भागांचा संशय घ्यावा. दुसऱ्या परीक्षेत ऑइलच्या चिकटपणामुळे चाक थोडे फिरणे स्वाभाविक आहे, पण ते हलक्या ब्रेकने थांबले पाहिजे.

यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. गिअरबॉक्समध्ये गिअरच्या बाजूचे दाते शेजारच्या गिअरच्या खाचेत अडकून शक्ती पुढे देतात. क्लच पूर्ण सुटला की त्या दातांवरचा दाब जातो आणि फोर्क गिअरला सहज सरकवतो. क्लच अर्धवटच सुटला तर इंजिनाचा जोर दातांवर कायम राहतो, ते एकमेकांना घट्ट धरून ठेवतात आणि आपण पायाने कितीही दाबले तरी फोर्क हलत नाही. चढावर हा जोर सर्वाधिक असतो, म्हणून सपाटीवर लपलेला दोष घाटात उघडा पडतो. तरीही लाथ मारत राहिलो तर फोर्क खरोखरच वाकू शकतो आणि मग ते साडेसहा हजारही खरे ठरतात.

आमच्या गाडीत क्लच का सुटत नव्हता, ते हँडलवरचे रबरी टोपण मागे सारल्यावर दिसले. क्लच लीव्हरमध्ये केबलच्या टोकाला जी गोळी बसते, तिच्याजवळच्या निम्म्याहून अधिक तारा तुटलेल्या होत्या. ही गोळी लीव्हरमध्ये मोकळी फिरली पाहिजे; ती गंजून किंवा ग्रीस संपून जाम झाली की प्रत्येक दाबाबरोबर केबल त्याच जागी वाकते आणि तारा एकेक करून तुटतात. उरलेल्या तारा ताणल्या जातात, केबल लांबते आणि लीव्हरचा मोकळा खेळ, म्हणजे केबल ताणली जाण्याआधी लीव्हर जितका नुसताच हलतो ते अंतर, वाढत जातो. स्प्लेंडरला हा खेळ लीव्हरच्या टोकाशी १० ते २० मिलिमीटर असावा. आमचा ४० च्या आसपास पोहोचला होता. घाटात मीच पाना काढून इंजिनजवळचा ॲडजस्टर आवळला होता आणि पाच-सहा वळणे आराम पडला होता, तेव्हा दुरुस्ती झाली असे मला वाटले. तो गैरसमज धोक्याचा होता. खेळ वारंवार आवळावा लागत असेल तर केबल तुटण्याच्या बेतात आहे, हे समजून ती तिथल्या तिथे बदलावी.

दुसरा दोष ऑइलचा होता. या इंजिनात क्लच, गिअर आणि इंजिन एकाच ऑइलवर चालतात आणि त्यासाठी १०डब्ल्यू३० हे पातळ ऑइल सांगितलेले आहे, बदलताना ०.९ लिटर लागते. सांगलीत २०डब्ल्यू४० पूर्ण एक लिटर ओतले गेले होते. जाड ऑइलमुळे थंड इंजिनात क्लचच्या प्लेटा एकमेकींना चिकटून राहतात, म्हणून सकाळचा पहिला गिअर अधिक आदळत होता. पातळी तपासताना डिपस्टिक आटे न फिरवता नुसती टेकवून पाहावी. ऑइल आपल्यासमोर, डबा वाचूनच भरून घ्यावे.

केबल १९० रुपये, ऑइल ४१० आणि मजुरी १५०. काम चाळीस मिनिटांत झाले. मिस्त्रींनी क्लच लीव्हरचा बोल्ट साफ करून ग्रीस लावले, केबल हेडलाइटमागून दुमडू न देता नेली आणि हँडल दोन्ही टोकांपर्यंत वळवून खेळ बदलत नाही ना, तेही पाहिले. केबल बदलून दोष गेला नसता, तर त्यांनी क्लच उघडून बास्केटच्या (प्लेटा ज्यात बसतात त्या खाचांच्या वाटीच्या) बोटांवर प्लेटांनी खाचा पाडल्या आहेत का ते पाहिले असते. अशा खाचांत प्लेटा अडकतात आणि त्या कानशीने घासून सपाट करता येतात. गिअर लीव्हरचा बोल्ट ढिला होऊन तो शाफ्टवर घसरणे, चेन फार ढिली किंवा फार ताणलेली असणे आणि आयडलिंग (ॲक्सिलरेटर न देता इंजिन ज्या गतीने चालते ती) चढे असणे, हेही इंजिन न खोलता तपासून घ्यावे.

तिसऱ्या दिवशी तोच घाट आम्ही एकदाही न अडता चढलो. ज्या वळणावर आदल्या दिवशी घाम फुटला होता, तेथे दुसरा गिअर टाचेच्या नुसत्या स्पर्शाने पडला, तेव्हा भावाने मागून माझ्या पाठीवर थाप मारली. महाबळेश्वर उत्तम होते, थंडी होती, फार गर्दी नव्हती. परतताना पसरणीचा घाट तिसऱ्या आणि दुसऱ्या गिअरमध्ये, इंजिनाच्या आधाराने उतरलो; तेथे न्यूट्रल करून गाडी सोडणारे काही जण दिसले, तसे कोणीही करू नये.

जुन्या गाडीवर निघणाऱ्यांनी एक जादा क्लच केबल नुसती डिकीत न ठेवता, जुन्या केबलच्या बाजूनेच घालून टेपने बांधून ठेवावी. तुटली तर दोन्ही टोके जोडून दहा मिनिटांत निघता येते. सोबत १० व १२ चे पाने, पक्कड आणि ग्रीसची लहान डबी असावी. नवी केबल सुरुवातीला थोडी ताणते, म्हणून दोन-तीनशे किलोमीटरनंतर खेळ पुन्हा मोजावा. आमचा सांगलीत पोहोचल्यावर २५ भरला. तो १५ वर आणला आणि त्यानंतर आजवर ॲडजस्टरला हात लावावा लागलेला नाही.