एअरशिपला पण पाणी लागतं

दिवाळीपासून आमची कॅम्पेन चालू आहे, म्हणजे नकाशावर फासे टाकून खेळायचा लढाईचा खेळ, सहा जण, दर दुसऱ्या रविवारी संभाजीनगरला एका मित्राच्या गच्चीवरच्या खोलीत, आणि घरचे-दारचे सगळे विचारायलेत की हे नेमकं काय करायलात तुम्ही, म्हणून एकदाचं लिहूनच टाकतो.

खरा इतिहास असा की १७९८ ला नेपोलियन इजिप्तला गेला तेव्हा त्यानं बलूनवाली तुकडी सोबत नेली होती, तिचं बरंचसं सामान समुद्रातच गेलं. त्याच वर्षी इकडं हैदराबादेत निजामाची फ्रेंच पलटण इंग्रजांनी मोडून काढली. आमच्या खेळात या दोन्ही गोष्टी घडतच नाहीत. फ्रेंच दख्खनमध्ये टिकले, त्यांची इंग्रजांशी टक्कर, बलूनची इंजिनवाली एअरशिप झाली, आणि साल आहे १८९७. (खऱ्या जगात झेपेलिनचं पहिलं जहाज २ जुलै १९०० ला उडालं, म्हणजे आम्ही फार काही पुढं पळालेलो नाही.) नकाशा मनमाड ते नांदेड, चार चार्ट पेपर जोडून. जहाजं थर्माकोलची, सायकलच्या आऱ्यांवर उभी केलेली, आणि मी पंच.

पहिले तीन टर्न नुसती तोफबाजी झाली. फासे टाका, भोक पाडा, पुढं चला. मला ते अजिबात पटेना, कारण मग हे मराठवाड्यातच कशाला, कुठंही खेळता आलं असतं ना.

मग मी एल ५९ नावाच्या जर्मन एअरशिपबद्दल वाचत बसलो. नोव्हेंबर १९१७, जर्मनांनी बल्गेरियातून एक झेपेलिन पूर्व आफ्रिकेतल्या आपल्या सैन्याला सामान द्यायला पाठवलं, ते खार्टूमच्या पुढं जाऊन परत फिरलं, ९५ तास हवेत, साधारण ६८०० किलोमीटर. शत्रूनं त्याला पाडलं नाही पण वाळवंटानं जवळजवळ पाडलंच होतं, दिवसा ऊन लागून आतला हायड्रोजन गॅस फुगतो तो सोडून द्यावा लागतो आणि रात्री थंडी पडली की जहाज जड होऊन खाली बसायला लागतं. मग वजन फेकायचं. आणि ते वजन म्हणजे बहुतेक पाणी!

इथं माझी ट्यूब पेटली. १५ डिग्रीला १००० घनमीटर हायड्रोजन साधारण ११०० किलो उचलतो, आपल्या मे महिन्यातल्या ४२ डिग्रीला तोच जेमतेम १००० उचलतो. शिवाय हायड्रोजन बनवायचा तर फ्रेंचांची जुनी पद्धत म्हणजे लालभडक तापलेल्या लोखंडावरून वाफ सोडायची, त्यात १ किलो गॅसला ९ किलो पाणी जातं. ६०,००० घनमीटरच्या एका जहाजाला नुसतं कागदावर ४५ टन, म्हणजे चार मोठे टँकर, आणि वाया जाणारं वेगळंच. त्यात साल १८९७, म्हणजे दुष्काळाचं.

त्या दिवसापासून खेळच बदलला. आता फ्रेंच आणि इंग्रज दोघंही पैठणला गोदावरी धरून बसायला बघतात, उन्हाळ्यात पहाटेच उडतात, तोफा कमी करून लोखंडाचा कीस जास्त वाहतात. आणि मी तिसरी बाजू नवीन काढली, गावं. दोन परदेशी सत्ता आपल्या जमिनीवर भांडणार आणि तिथली माणसं नकाशावर नुसते ठिपके, हे मला सहनच होत नव्हतं. विहिरी, बारवा, बैलगाड्या सगळं आता गावांच्या हातात, निळ्या टाचण्यांनी मांडलेलं. ती बाजू भोकरदनकडच्या एका मित्राकडं आहे, त्याच्या घरी शेती. इंग्रजवाल्यानं पहिल्यांदा पाणी मागितलं तेव्हा हा शांतपणे म्हणाला, "घे ना, पण आधी आमची जनावरं पिऊन होऊ दे." अख्खा एक टर्न गेला त्याचा.

जानेवारीत आम्ही सगळे असईला जाऊन आलो. १८०३ ला इथल्या मराठ्यांविरुद्धच्या लढाईत इंग्रज सेनापती वेलस्लीनं कैलना नदीच्या दोन काठांवर समोरासमोर दोन गावं बघितली आणि ओळखलं की मधे नदी ओलांडायचा उतार असणारच, तिथूनच फौज पार नेली. तिथं उभं राहून मला वाटलं की आपल्या खेळाचं पण हेच आहे, पाणी कुठं आहे आणि कुठं नाही हे ज्याला कळलं तो पुढं.

परवाच्या रविवारी फ्रेंच जहाज अजिंठ्याच्या डोंगराला अडलं, ऊन चढलेलं, गॅस सोडून झालेला, वर जायला दोन टन पाणी खाली सोडलं त्यानं आणि कसंबसं निसटलं. फ्रेंचवाला खूश. गाववाल्यानं फक्त एवढंच विचारलं की ते पाणी नेमकं कुठं पडलं? मी नकाशावर बोट ठेवलं, सिल्लोडच्या थोडं वर. त्यानं डबीतून एक निळी टाचणी काढली आणि तिथं लावली.