लोथियन रोडवरच्या शिंप्याचा मुलगा

"किल्ला आधी, की तुझा अ‍ॅलिस्टर सिम आधी?" लेकीने विचारलं.

मी म्हटलं, "किल्ला कुठे पळून चाललाय? आधी लोथियन रोड." सिम म्हणजे जुन्या ब्रिटिश सिनेमातला माझा लाडका नट.

एडिनबरामधला माझा तिसरा दिवस. ऑक्टोबर महिना, रात्रभर पडून थांबलेला पाऊस, आणि वारा असा की छत्री उघडायची सोयच नाही. प्रिन्सेस स्ट्रीटच्या पश्चिम टोकाला वळलो आणि लोथियन रोड लागला. किल्ल्याचा काळा खडक डाव्या हाताला मागे पडला. पुढे त्याच हाताला अशर हॉलचा घुमट, त्याच्या शेजारी आत लिसियम थिएटर, आणि रस्त्याच्या दुसऱ्या अंगाला फिल्महाउस. २०२२ मध्ये बंद पडलेलं हे चित्रपटगृह २०२५ मध्ये पुन्हा उघडलं. बाहेर सिमच्या नावाची पाटी आहे. ९ ऑक्टोबर १९०० रोजी इथेच, दोन-चार दारं पलीकडे, एका शिंप्याच्या घरात तो जन्मला. माणसं बस पकडायच्या घाईत पाटीवरून पुढे जात होती. मी मात्र बराच वेळ तिथे उभी राहिले.

का, ते सांगते. मी बत्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. शाळा सुटल्यावर वक्तृत्व आणि पाठांतराच्या स्पर्धांसाठी मुलं तयार करायची, हा माझा जीव की प्राण. शब्द कुठे तोडायचा, श्वास कुठे घ्यायचा, शेवटचं अक्षर कसं गिळायचं नाही, हेच आयुष्यभर सांगत आले. आणि सिम हा नट होण्याआधी नेमकं हेच शिकवणारा मास्तर होता. तिशीपर्यंत त्याने व्यावसायिक रंगभूमीवर पाऊलही ठेवलं नव्हतं.

त्याची आई ईग नावाच्या छोट्या बेटावरून या शहरात आली, तेव्हा तिला फक्त गेलिक, ही स्कॉटलंडची जुनी भाषा, येत होती. म्हणजे घरात दोन भाषांचे दोन सूर. वडिलांच्या दुकानात मुलाला बसवून पाहिलं, कापडाशी त्याचं काही जुळेना. विद्यापीठात रसायनशास्त्र घेतलं, तेवढ्यात १९१८ मध्ये सैन्याच्या प्रशिक्षणाचं बोलावणं आलं. महायुद्ध संपलं, आणि घरी येऊन त्याने सांगून टाकलं की रसायनशास्त्र नको. वर्षभर हायलँड्समध्ये, म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात, मिळेल ते काम करत भटकला. मग शहरात परतून कारकुनी. मोकळ्या वेळात कविता म्हणायचा, आणि त्यात सुवर्णपदक मिळवलं. वडिलांच्या जिवाला काय वाटलं असेल, याची मला कल्पना येते. असे पालक माझ्यासमोर कितीतरी वेळा बसलेले आहेत.

तिथून आम्ही माउंड या रस्त्याचा चढ चढलो. वर न्यू कॉलेजचे दोन मनोरे दिसतात. कमानीतून आत गेलं की चौकात स्कॉटलंडमधल्या धर्मसुधारणेचा नेता जॉन नॉक्स याचा पुतळा, एक हात उंचावलेला, ऐन प्रवचनात असल्यासारखा. स्कॉटलंडच्या चर्चचे भावी धर्मोपदेशक इथे घडायचे. सिम १९२५ ते १९३० या काळात त्यांना बोलायला शिकवत होता. शास्त्र इतर प्राध्यापकांनी शिकवायचं, आणि ते शेवटच्या बाकापर्यंत पोचवायचं कसं, ते सिमने.

चौकात त्या वेळी फार कोणी नव्हतं. मी मुलांकडून करून घ्यायचे तो व्यायाम मला तिथे करावासा वाटला: एका श्वासात एक ते वीस, विसावा आकडा पहिल्याइतकाच ठसठशीत. "एक, दोन, तीन..." लेकही सोबत म्हणू लागली. लहानपणी तिच्याकडूनही हे करून घेतलेलं आहे. दगडी भिंतींवरून आमचे आकडे परत येत होते. "वीस" म्हटलं आणि दोघी गप्प झालो.

पुढची हकीकत बरीचशी लंडनची आहे. कवी-नाटककार जॉन ड्रिंकवॉटरने त्याला हेरलं आणि १९३० मध्ये सॅव्हॉय थिएटरच्या 'ऑथेल्लो'त त्याला एका दूताची लहानशी भूमिका मिळाली. ऑथेल्लो होता पॉल रोब्सन, डेस्डेमोना पेगी अ‍ॅशक्रॉफ्ट. पुढे ओल्ड व्हिक या नाट्यगृहात एक हंगाम, आणि १९३५ पासून सिनेमा. डोक्याला टक्कल, मोठे पाणीदार डोळे, लांबट चेहरा. असा माणूस नायक होत नाही. पण 'ग्रीन फॉर डेंजर'मधला इन्स्पेक्टर कॉकरिल पाहा, तो पडद्यावर असताना दुसऱ्या कुणाकडे नजर जात नाही. १९५४ च्या 'द बेल्स ऑफ सेंट ट्रिनियन्स'मध्ये तो चक्क मुलींच्या शाळेची मुख्याध्यापिका झाला, आणि तिचा भाऊही तोच. बालगंधर्वांचं नाव ऐकत वाढलेल्या आपल्याला पुरुषाने बाईची भूमिका करण्याचं नवल नाही. मला भावलं ते हे की त्याने बाईंची टिंगल केली नाही. शाळा बुडत चालली असतानाही मान ताठ ठेवणारी बाई त्याने मनापासून उभी केली. अशा बाई मी पाहिल्या आहेत.

रंगभूमी त्याने सोडली नाही. जेम्स ब्रायडी या ग्लासगोच्या डॉक्टर-नाटककाराशी त्याचं फार जमलं. ब्रायडीच्या १९४३ च्या 'मिस्टर बोल्फ्री'त सिमने हायलँड्समधला कर्मठ धर्मोपदेशक केला. न्यू कॉलेजात समोर बसलेली सगळी पोरं त्याच्या कानात असणार, त्याशिवाय कसं जमेल? 'पीटर पॅन' या मुलांच्या नाटकातला चाचा कॅप्टन हुक तर त्याने १९४१ पासून अनेक हंगाम केला.

सही मागणाऱ्यांना तो सही देत नसे. नटाला लोकांनी कामावरून जोखावं, बाकी काही मागू नये, असं त्याचं म्हणणं. सर ही पदवीही त्याने नाकारली. पण १९४८ मध्ये एडिनबरा विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी त्याला रेक्टर या मानाच्या पदावर निवडून दिलं, ते त्याने आनंदाने स्वीकारलं. तेव्हा इथे रेक्टर विद्यार्थ्यांच्या मतांनी ठरायचा. समोर होते हॅरल्ड मॅकमिलन, पुढे पंतप्रधान झालेले. सिमने त्यांच्या दुपटीहून जास्त मतं मिळवून त्यांना हरवलं. ज्या विद्यापीठातलं शिक्षण अर्धवट सोडून तो निघाला होता, तिथेच.

एक गोष्ट मला सगळ्यात जवळची वाटते. १९४० मध्ये 'कॉटेज टू लेट' या नाटकात पंधरा वर्षांचा जॉर्ज कोल त्याच्याबरोबर होता. लंडनवर बॉम्ब पडत होते. सिम आणि त्याची बायको नेओमी यांनी त्या पोराला आपल्या घरी राहायला नेलं. सिमने त्याच्या बोलण्यावर मेहनत घेतली, लंडनी हेल काढला. मास्तरकी काही सुटली नाही! १९५१ च्या 'स्क्रूज'मध्ये, म्हणजे डिकन्सच्या 'अ ख्रिसमस कॅरल' या कंजूष म्हाताऱ्याच्या गोष्टीवरच्या सिनेमात, सिम म्हातारा स्क्रूज आहे आणि तरुण स्क्रूज जॉर्ज कोल.

रात्री लेकीच्या खोलीत, गॅसवर खिचडी ठेवून, आम्ही तोच सिनेमा लावला. नाताळच्या सकाळी जिवंत उठल्याच्या आनंदात तो खुर्चीत डोकं खाली, पाय वर करतो आणि मोलकरीण किंचाळत जिन्यावरून पळते. लेक खळाळून हसली. मी थांबले होते ती त्यानंतरच्या एका क्षणासाठी. वर्षानुवर्षं झिडकारलेल्या भाच्याच्या घरी तो येतो. आतून गाण्याचा आवाज येतोय. दार उघडणाऱ्या पोरसवदा नोकराणीच्या हाती टोपी देतो, दिवाणखान्याच्या दाराशी जातो, आणि त्याचा धीर होत नाही. मागे वळून तिच्याकडे पाहतो. ती नुसती मान हलवते, जा म्हणून. आयुष्यभर उच्चार शिकवलेला माणूस, आणि इथे एक अक्षर नाही. फक्त ते डोळे, आणि दारावर ठेवलेला हात.

खिचडी खाली लागल्याचा वास आला, तरी कुणी उठलं नाही. लेकीने न बोलता सिनेमा मागे नेला. तो पुन्हा दाराशी आला, पुन्हा वळून पाहिलं, तिने मान हलवली, आणि तो आत गेला.