सुंभ वळायला बसले आणि...

लॉकडाऊनमध्ये युट्यूब बघून मी मॅक्रमे, म्हणजे दोऱ्यांना गाठी मारून वस्तू करायची कला, शिकले, चार प्लांट हँगर केले, दोन मैत्रिणींना गिफ्ट दिले आणि तेव्हापासून आपल्याला दोऱ्यांमधलं कळतं असा माझा पक्का समज होता. तो यावेळी मे महिन्यात गावी गेले तेव्हा काकीने पडवीत बसून अर्ध्या तासात मोडीत काढला.

परसात वेलाला मांडव घालायचा होता आणि त्यासाठी सुंभ हवा होता. नायलॉनची दोरी घरात पडलेली होती पण काकीला ती आवडत नाही, उन्हात कडक होऊन तुटते आणि गाठ पण घसरते म्हणते (हे खरंय, माझ्या बाल्कनीतली कपडे वाळत घालायची दोरी दोनदा तुटलीय). मग म्हटलं चल मी वळते, त्यात काय एवढं. काकी नुसती हसली.

तर सुंभ म्हणजे काथ्याची दोरी आणि काथ्या निघतो नारळाच्या सोडणांतून, म्हणजे नारळ सोलल्यावर जे साल उरतं त्यातून, हे बहुतेकांना माहीत असतं. पण ते सोडण म्हणजे नुसते धागे नसतात, धाग्यांच्या मध्ये सगळा भुसा भरलेला असतो, आणि धाग्यांपेक्षा भुसाच जास्त. तो सुटावा म्हणून सोडणं पाण्यात कुजत घालायची. काकीची व्हाळाच्या (ओढ्याच्या) कडेला एका खड्ड्यात दगडाखाली दाबून ठेवलेली असतात, केरळात हेच काम खाडीच्या मचूळ पाण्यात सहा ते दहा महिने चालतं. बाहेर काढताना जो वास येतो ना, सडक्या अंड्यांचा, तो दोन दिवस हाताला राहतो, मी लिंबू पण चोळून बघितलं. मग दांडक्याने धोपटायचं, धुवायचं, वाळवायचं. आता हे सगळं करणारी मशीन आहेत आणि कारखान्यात सोडणं सरळ त्यातच घालतात, काकी आपली घरापुरतं जुन्या पद्धतीने करते. आणि तो जो भुसा खाली पडतो तोच आपण पुण्यात कोकोपीट म्हणून विटेच्या आकारात विकत घेतो. हे काकीला सांगितल्यावर तिने मला परत विचारलं, पैसे देऊन? दोनदा विचारलं.

आता मेन गोष्ट. काथ्याचा एक एक धागा जेमतेम वीत-दीड वीत लांब असतो, मग त्याची वीस हात दोरी होते कशी? मला इतकी वर्षं हा प्रश्न पडलाच नव्हता, कारण मॅक्रमेची दोरी रिळातून तयारच येते. यात गोंद नाही, गाठ नाही, फक्त पीळ. दोन पेड घ्यायचे, दोन्ही एकाच दिशेने तळहातांवर पिळत न्यायचे आणि मग ते एकमेकांभोवती उलट्या दिशेने गुंडाळायचे. पेड एकीकडे उलगडायला बघतो, दोरी दुसरीकडे, आणि दोघं एकमेकांना असे अडवून धरतात की कोणालाच सुटता येत नाही. पेड बारीक व्हायला लागला की तिथेच नवीन काथ्याची चिमूट सरकवायची. काकीचा हात न बघता चालतो, शेजारणीशी गप्पा चालू आणि इकडे सुंभ सापासारखा मांडीवरून खाली उतरतोय! माझं मात्र मध्येच जाड, मध्येच बारीक, आणि तळहात लालभडक. "सुंभ असो वळूचो नसता गो," असं ती चारदा म्हणाली आणि पाचव्यांदा माझ्या हातातून काढूनच घेतला.

काथ्यात लाकडासारखं लिग्निन भरपूर असतं, चाळीस टक्क्यांच्या वर, कापसात ते जवळजवळ नसतंच. म्हणून कापसाची दोरी ओली राहिली की कुजते आणि काथ्या खाऱ्या पाण्यात सुद्धा टिकतो. अजिंठ्याच्या लेण्यांमध्ये पाचव्या शतकातलं एक जहाजाचं चित्र आहे, त्यावरून नौदलासाठी गोव्यात एक जहाज बांधलं, केरळचे बाबू शंकरन आणि त्यांचे कारागीर होते, आणि फळ्या खिळे न मारता काथ्याच्या दोरीने शिवल्या! अक्षरशः शिवल्या, गोधडी शिवतो तसं. मे 2025 मध्ये कारवारला ते नौदलात दाखल झालं, नाव कौंडिन्य. मी हे फोनवर दाखवलं तर काकीने फोटो मोठा करून फक्त दोरी बघितली आणि म्हणाली, बरो वळल्यानी हा.

बाकी आमच्याकडे प्रत्येक कामाला वेगळा धागा हे मला यावेळीच नीट दिसलं. अबोलीचा वळेसर (गजरा) केळीच्या सोपाच्या, म्हणजे खोडाच्या सालीच्या, दोऱ्यात, गणपतीच्या डोक्यावरची फळापानांची माटवी बांधायला केवणीच्या झाडाची साल, ओझं आणि मांडव असेल तर सुंभ. शहरातल्या प्रदर्शनात हे सगळं "नॅचरल फायबर" नावाच्या एकाच टेबलावर असतं आणि पायपुसण्याची किंमत बघून आपण म्हणतो बाई केवढं महाग. मी पण म्हणायचे. आता नाही म्हणणार, निदान वर्षभर तरी, तळहात आठवतायत तोपर्यंत.

आणि हो, ती म्हण. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. पानाच्या टपरीवर विडी पेटवायला धुमसता सुंभ टांगलेला असायचा तो लहानपणी बघितलाय पण त्याची राख कधी निरखून बघितली नव्हती. म्हणून शेवटच्या संध्याकाळी अंगणात एका पत्र्यावर दोन तुकडे ठेवले, एक काकीचा एक माझा, आणि पेटवले. काकीचा हळूहळू धुमसत गेला आणि राखेत पीळ जसाच्या तसा, अगदी मोजता येतील असे वेढे. माझ्या तुकड्याची नुसतीच करडी रेघ राहिली, फुंकर मारायच्या आधीच विस्कटली. मी म्हटलं, काकी, म्हण खोटी आहे, माझा पीळ गेला.

"आधी पीळ होतो खंय, जाऊक?"