डेबियनवर दोन सेकंदांत झोपी जाणारा माउस : माझा अनुभव

ज्या दुकानाने माझ्या लॅपटॉपवर डेबियन ही लिनक्स प्रणाली बसवून दिली, तेथून मला 'माउस खराब झाला आहे, नवा घ्या' असे इतक्या ठामपणे सांगण्यात आले की त्याची चीड अजून गेलेली नाही. माउस उत्तम स्थितीत होता आणि ते सिद्ध करण्याची सगळी साधने लिनक्समध्ये विनामूल्य मिळतात.

लक्षण असे होते : वाचताना हात थोडा वेळ स्थिर राहिला आणि मग माउस हलवला, तर पडद्यावरचा बाण जागचा हलत नसे, एखादे बटण दाबले की तो तत्काळ चालू लागे. हात सतत चालू असेल तर मात्र कसलीच अडचण येत नसे. कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, नोंदी पाहिल्या, तर त्या स्वच्छ होत्या. तार आतून तुटत आली असेल, तर या नोंदी दाखवणाऱ्या डीमेसेज या आज्ञेत 'यूएसबी डिस्कनेक्ट' आणि पाठोपाठ नव्या जोडणीची ओळ वारंवार दिसते. येथे तसे काहीच नव्हते, म्हणजे तार आणि पोर्ट दोन्ही सुस्थितीत होते. त्यानंतर माउस-कीबोर्डचे संकेत वाचणाऱ्या लिबइनपुटची डीबग-इव्हेंट्स ही आज्ञा सुडो लावून (प्रशासकाच्या अधिकाराने) चालवली. हालचालीच्या ओळी भराभर उमटत होत्या, पण थोड्या विरामानंतर माउस कितीही हलवला तरी एकही ओळ येत नव्हती. हालचाल लिबइनपुटपर्यंतच पोहोचत नव्हती, त्यामुळे ग्नोम या डेस्कटॉपच्या सेटिंग्जमध्ये वेग किंवा संवेदनशीलता बदलत बसण्यात काहीच अर्थ उरला नाही. (वेलँड ही नवी पडदा-प्रणाली असेल, तर एक्सइनपुट या जुन्या आज्ञेच्या यादीवर विसंबू नये, तेथे प्रत्यक्ष माउसऐवजी केवळ आभासी उपकरणे दिसतात.)

खरा धागा माउस उलटा धरल्यावर मिळाला. खालचा लाल दिवा सुमारे दोन सेकंदांनी विझत होता आणि यूएसबी उपकरणाला निद्रिस्त करण्यापूर्वी कर्नल जितका वेळ थांबतो, ती मूळ मुदतही 2 सेकंदांचीच आहे. निद्रिस्त उपकरणाला फार तर अडीच मिलिअँपिअर प्रवाह घेता येतो, म्हणून अनेक ऑप्टिकल माउस त्या अवस्थेत दिवा बंद करतात. दिवा नाही म्हणजे हालचाल कळत नाही, आणि जागे करायला बटणच दाबावे लागते.

तथापि कर्नल स्वतःहून माउसला झोपवत नाही. प्रत्येक यूएसबी उपकरणाच्या नावे सिस या, कर्नलची माहिती फाइलींच्या रूपात दाखवणाऱ्या फाइलप्रणालीत 'पॉवर' नावाची डिरेक्टरी असते आणि तिच्यातील 'कंट्रोल' या फाइलमध्ये 'ऑन' (कायम जागे) किंवा 'ऑटो' (कर्नलने झोपवले तरी चालेल) यांपैकी एक शब्द असतो. हब वगळता बहुतेक उपकरणांसाठी तेथे मुळात 'ऑन' असते. माझ्याकडे 'ऑटो' होते. संगणक सुरू होताना सेवा चालवणाऱ्या सिस्टमडीच्या सेवांची यादी चाळल्यावर कारण सापडले : बॅटरी अधिक टिकावी म्हणून दुकानाने, मला एका शब्दानेही न सांगता, संगणक सुरू होताना पॉवरटॉप या वीजबचतीच्या साधनाला ऑटो-ट्यून पर्यायासह चालवणारी सेवा बसवून ठेवली होती, आणि तो पर्याय माउससकट सर्व यूएसबी उपकरणांवर 'ऑटो' लिहून टाकतो.

येथून पुढे प्रकरण सोपे असायला हवे होते. जोडलेली यूएसबी उपकरणे दाखवणाऱ्या एलएसयूएसबी या आज्ञेच्या यादीतून माउसचे उत्पादक व उत्पादन क्रमांक घेतले आणि या क्रमांकांचे उपकरण जोडले जाताच 'कंट्रोल'मध्ये 'ऑन' लिहावे, असा यूडेव्हचा (उपकरण जोडले जाताच ठरलेली कामे करणाऱ्या व्यवस्थेचा) नियम लिहिला. माउस काढून पुन्हा लावला. दिवा विझला नाही. लॅपटॉप बंद करून सुरू केला आणि दिवा पुन्हा विझू लागला. नियमातील प्रत्येक अवतरणचिन्ह तपासले, यूडेव्हला नियम पुन्हा वाचायला लावले, फाइलच्या नावापुढचा क्रमांक वाढवून पाहिला, पण परिणाम तोच. माउस हाताने पुन्हा जोडला की सगळे सुरळीत, आणि संगणक नव्याने सुरू झाला की पुन्हा तीच अडवणूक. नियम अचूक आहे हे डोळ्यांसमोर दिसत असताना तो निष्फळ ठरताना पाहणे फार त्रासदायक होते.

उलगडा क्रमात होता. संगणक सुरू होताना यूडेव्ह आधी 'ऑन' लिहीत होता आणि त्यानंतर पॉवरटॉपची सेवा येऊन त्यावर 'ऑटो' लिहीत होती. माउस पुन्हा जोडला जाई तेव्हा सेवेचे काम केव्हाच आटोपलेले असे, म्हणून तेवढ्यापुरता नियम टिकत होता. मी सेवेला पूरक फाइल (मूळ फाइल न बदलता जादा सूचना देणारी) जोडून, मुख्य आज्ञा संपल्यावर माउससाठी पुन्हा 'ऑन' लिहिणारी ओळ घातली आणि प्रश्न मिटला. पोर्ट बदलला की उपकरणाचा मार्ग बदलतो, त्यामुळे त्या ओळीतही मार्ग थेट न लिहिता क्रमांकांवरूनच माउस शोधावा. सेवा पूर्ण बंद करणे किंवा यूएसबीकोर या कर्नलच्या यूएसबी भागाची ऑटोसस्पेंड (आपोआप निद्रेची) मुदत उणे 1 करणे, म्हणजे ती निद्राच बंद करणे, हेही मार्ग आहेत, पण मला इतर उपकरणांची वीजबचत गमवायची नव्हती.

आधीच सांगायला हवी होती अशी एक गोष्ट : बिनतारी माउस अडखळत असेल, तर प्रथम त्याचा रिसीव्हर यूएसबी 3.0 पोर्टपासून दूर न्यावा, शक्यतो छोट्या एक्स्टेंशन तारेने. यूएसबी 3.0च्या वाहतुकीतून 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट उठतो, हे इंटेलने 2012 मध्येच प्रसिद्ध केले आहे. तारेचा माउस असेल, तर त्याला उलटा करून काही क्षण दिवा पाहावा. तो विझला, तर पैसे खर्च करण्यापूर्वी 'कंट्रोल' फाइल उघडावी.