वेस्ट पॉइंट : मैदान लांबून बघावं लागतं

ऑक्टोबरात हडसन नदीच्या काठाने गाडी न्यायची तर भल्या पहाटे निघावं, हे एडिसनमध्ये सगळ्यांना माहीत असतं आणि कोणीच निघत नाही. लाल-पिवळ्या झाडांचे फोटो काढायला अख्खं न्यू जर्सी बेअर माउंटनच्या रस्त्यावर उतरलं होतं. मेहुण्यांचं सारखं एकच चाललं होतं, "ताई, तिथे नुसत्या दगडी इमारती आहेत हो. त्यापेक्षा वुडबरीला जाऊ, आउटलेट जवळच आहे." भारतातून आलेल्या प्रत्येक पाहुण्याला वुडबरीला नेऊन बॅगा घ्यायला लावणं हा इथल्या मराठी घरांचा कुळाचार आहे.

पण मला वेस्ट पॉइंट, म्हणजे अमेरिकेची लष्करी अकादमी बघायची होती. खडकवासल्याला कणसं खायला जाताना एनडीए नेहमी लांबूनच बघितली, निदान ही तरी आतून बघू. आत जायचं तर टूरची बस आणि परदेशी माणसाला पासपोर्ट. बसमध्ये एसी इतका कडक की शालीची घडी मोडावी लागली. पुढच्या सीटवरचे एक आजोबा गाइडच्या प्रत्येक वाक्याआधी स्वतःच वाक्य पूर्ण करत होते. चॅपल सुंदर आहे, ट्रॉफी पॉइंटवरून नदीचं वळण तर फारच सुंदर. ते फोटोत बघा, मी वर्णन करत बसत नाही.

मी अडकले ती 'द प्लेन'पाशी. म्हणजे परेडचं मोठं मैदान. गवतावर पाय ठेवायचा नाही, कडेला उभं राहून बघायचं. 1924 मध्ये मिची स्टेडियम झालं, त्याआधी अकादमीचे घरचे सामने याच मैदानावर व्हायचे. फुटबॉलचे. आपला नव्हे, त्यांचा. लंबगोल चेंडू हातात घेऊन पळायचा.

भाचा शाळेच्या टीममध्ये खेळतो, त्यामुळे त्याची कॉमेंट्री सुरू झाली. "मावशी, 1912 ला कार्लाइलची टीम इथे आली होती, ऑलिंपिकवाल्या जिम थॉर्पची." कार्लाइल म्हणजे मूळनिवासी मुलांना घरापासून तोडून 'सुधारायला' काढलेली शाळा. त्या मुलांनी इथे येऊन लष्कराला 27-6 ने हरवलं. हे ऐकून मला जो आनंद झाला तो लपवता आला नाही. हरलेल्यांत आयझेनहॉवर होता, पुढे अमेरिकेचा अध्यक्ष झाला तोच. पुढच्याच आठवड्यात टफ्ट्स कॉलेजशी खेळताना त्याचा गुडघा गेला. मग 1913, नोटर डेम विद्यापीठाने लांब पास फेकून फेकून 35-13 ने घेतलेला सामना. हे सगळं त्याला तोंडपाठ.

"आणि 1909?" मी विचारलं. आदल्या रात्री त्याच्याच टॅबवर जुने निकाल चाळताना मला तो सीझन दिसला होता. तीन जिंकले, दोन हरले, आणि पुढे कोरं. नेव्हीशी, म्हणजे नौदलाच्या अकादमीशी, दरवर्षीचा मानाचा सामनासुद्धा नाही.

त्याला ते माहीत नव्हतं. मग त्या मैदानाच्या कडेला, थंडीत, मीच त्याला सांगितलं. 30 ऑक्टोबर 1909, समोर हार्वर्ड. तेव्हा चेंडू घेतलेल्या गड्याला मागून साथीदारांनी ढकलायचं, ओढायचं, असा खेळ होता. अख्खा घोळका एका माणसावर चालून जायचा. हेल्मेटची सक्ती नव्हती, कॉलेजात ती 1939 मध्ये आली. लष्कराचा डावा टॅकल, म्हणजे समोरच्यांना भिडणाऱ्या पुढच्या रांगेतला डावीकडचा गडी, होता युजीन बर्न, बफेलोचा मुलगा. घोळका त्याच्या बाजूवर कोसळला, बाकीचे उठले, बर्न उठला नाही. मान मोडली होती. हार्वर्ड 9-0 ने पुढे होतं, सामना तिथेच थांबवला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो गेला. अकादमीने उरलेला सीझन रद्द केला.

मला चीड येते ती वेगळ्याच गोष्टीची. खेळ जिवावर उठलाय हे 1905 मध्येच कळलं होतं. अध्यक्ष थिओडोर रूझवेल्टनी हार्वर्ड, येल, प्रिन्स्टनच्या लोकांना व्हाइट हाउसमध्ये बोलावून घेतलं होतं. 1906 मध्ये कॉलेजांची खेळांसाठीची संघटना झाली, आजची एनसीएए तीच, आणि तिचा पहिला अध्यक्ष होता वेस्ट पॉइंटचाच अधिकारी, कॅप्टन पामर पियर्स. पुढे पास फेकायला परवानगी मिळाली, हे बदललं, ते बदललं, पण मागून ढकलणं तसंच राहिलं. नेव्हीचा अर्ल विल्सन बर्नच्या दोन आठवडे आधी व्हिलानोव्हाशी खेळताना जायबंदी झाला होता, तो पुढच्या एप्रिलमध्ये गेला. एवढं झाल्यावर 1910 मध्ये ढकलणं-ओढणं बंद झालं. आपल्याकडे वळणावर दोन-चार माणसं गेल्याशिवाय गतिरोधक बसत नाही, तसंच हे.

भाचा गप्प. मेहुणे घड्याळ बघत होते. कडेने दोन कॅडेट करड्या गणवेशात झपाझप निघून गेले, वीस-एकवीस वर्षांचे असतील. एकाच्या मानेवर ताजं खरचटलेलं होतं.

"पण मग 1910 ला परत सुरू झालं ना?" भाच्याने विचारलं. झालं की. नेव्हीने तो सामना 3-0 ने जिंकला, त्यावर तो हळहळला. एवढं सगळं ऐकून याला वाईट कशाचं वाटलं, तर आर्मी हरल्याचं!

नंतर वुडबरी झालंच. अडीच तास, एक बॅग, पार्किंगला प्रदक्षिणा.

परतताना मी मागच्या सीटवरून भाच्याला विचारायला लागले, तुमच्यात टॅकल करताना, म्हणजे समोरच्याला पाडताना, डोकं कुठे ठेवायचं शिकवतात, कोच बघतो का नीट, तू नक्की कुठे खेळतोस. बहीण पुढून वळली आणि दबक्या आवाजात म्हणाली, "ताई, आता पुरे हं. शुक्रवारी त्याची मॅच आहे." मी विषय बदलून ट्रॅफिकला शिव्या द्यायला लागले, तेव्हा कुठे तो खुलला आणि म्हणाला, "मावशी, मी लेफ्ट टॅकलच आहे."