आमराईतलं लग्न, मोकळे केस आणि ऐनवेळी निघालेलं बाशिंग

लग्न बेळगावजवळ जांबोटी रस्त्याला एका आमराईत होतं, आणि नवरीचे केस करायला मी. शिमग्याच्या आधीचे दिवस, गोरज मुहूर्त. मुलगी बेळगावातली, मराठा घरातली; वराकडची मंडळी बैलहोंगल बाजूची, घरात कानडी बोलणारी. मुलीनं फोनवर दाखवलेला फोटो सध्या प्रत्येक नवरी दाखवते तोच: मोकळे केस, पाठभर लाटा, कानाशी चार फुलं. फोटो बंद स्टुडिओत काढलेला आहे हे बघताक्षणी कळत होतं. एक बटसुद्धा जागची हललेली नव्हती.

मोकळ्या केसांशी माझं वैर नाही. रिसेप्शनला, एसी हॉलमध्ये मी ते आनंदानं करते. पण उघड्यावरच्या लग्नविधीत नवरीच्या डोक्यावर काय काय चालतं, ते मांडवात बसलेल्यांनाही दिसत नाही. मुंडावळ्यांचा दोरा कपाळावरून मागं जातो. तिथं अडकायला काही नसलं की तो घसरून भुवयांवर येतो. मग हार. निशिगंधाच्या हारात जरीची तार गुंफलेली असते, मोकळे केस त्यात गुंततात आणि हार काढताना नवरीची मान मागं ओढली जाते. मंगळसूत्र घालताना नवऱ्याचे हात आधीच थरथरत असतात, त्यात हुकाखाली चार केस आलेच. पदर डोक्यावर घ्यायचा तर त्याची पीन मोकळ्या केसांत कशाला टोचणार? आणि होमात लाह्या टाकायला ती वाकते तेव्हा सगळे केस खांद्यावरून पुढं, विस्तवाकडं येतात. हेअरस्प्रेत बहुतेक वेळा अल्कोहोल असतं, हे कुणाच्या लक्षातही नसतं.

इथं वर आमराई होती, आणि मोहोर फुललेला. मोहोरावर तुडतुडे असले की खाली चिकटा गळतो, अगदी बारीक, दव पडावं तसा. स्प्रे मारलेल्या केसांवर तो बसला की कंगवा फिरत नाही. मांडव नेमका सगळ्यात मोठ्या झाडाखाली घातलेला. डेकोरेशनवाल्यांना झाड दिसतं, झाडावर काय आहे ते दिसत नाही. शिवाय उन्हं कलली की चोर्ला घाटाच्या बाजूनं वारं सुटतं, हे बेळगावकरांना सांगायला नको.

म्हणून मी मानेवरचा आंबाडा सुचवला, पुढं दोन्ही बाजूंना एकेक सैल लाट ठेवून. मुलीचा चेहरा पडला. आईला खोपा हवा होता. "आमच्या वेळी खोपाच घालायचे, बाकीचं तुम्ही बघा की," म्हणून ती हळदीकुंकवाच्या तयारीला निघून गेली. खोपा उंच बसतो, त्यावर पदर घेतला की तंबू दिसतो. तो मी नाकारला, आणि मुलगी आंबाड्याला "बरं" म्हणाली.

केस स्मूदनिंग केलेले, म्हणजे रसायनानं गुळगुळीत करून घेतलेले होते. असल्या केसांत पीन ठरत नाही. आदल्या दिवशी सकाळी धुवा, कंडिशनर फक्त टोकांना लावा, सीरम नको, असं सांगितलं होतं. तिनं लग्नाच्याच सकाळी धुऊन वर सीरमही लावलं होतं. टीव्हीवरच्या जाहिरातीतला केस असतो ना, तसा गुळगुळीत. मग मुळाशी केस खरखरीत करणारी टेक्स्चर पावडर, आणि कानापासून कानापर्यंत भांग पाडून मागच्या केसांना क्रिंपर, म्हणजे बारीक नागमोडी घड्या पाडणारा गरम चिमटा. वरचा पातळ थर तसाच ठेवायचा आणि खालच्या थरांना मुळापासून दोन बोटं उंचीपर्यंतच क्रिंप करायचं. बाहेरून काही दिसत नाही, आत मात्र पिनेला पकड मिळते. क्रिंपर 160 अंशांवर ठेवला. न रंगवलेल्या, दाट केसांना मी 180 पर्यंत जाते, प्रक्रिया केलेल्या केसांना कधीच नाही. मध्येच बोर्डवरची माझी वायर कुणीतरी काढून तिथं ड्रोनच्या बॅटऱ्या लावल्या. नवरीपेक्षा ड्रोनला मान जास्त, हे आता सगळीकडंच आहे.

मानेच्या केसरेषेपासून दोन बोटं वर शेपटी बांधली. गंगावन घातलं नाही. त्याच्या वजनानं खाली बसवलेला आंबाडा आणखी लोंबतो; जाळीत भरलेलं हलकं स्टफिंग पुरतं. शेपटीच्या पाच बटा केल्या आणि एकेक गुंडाळून बसवली. काळ्या पिनेची नागमोडी बाजू डोक्याकडं यायला हवी. निम्म्या मुली ती उलटी लावतात आणि मग पिना सुटतात म्हणून कंपनीला नावं ठेवतात. जिथं भार आहे तिथं दोन पिना फुलीत. यू पिना फक्त बाहेरच्या कडेला, त्यासुद्धा आधी केसांच्या उलट दिशेनं थोडी आत घालून मग वळवून खुपसायच्या. वर केसांच्या रंगाची बारीक जाळी. स्प्रे एक फुटावरून, तीन हलके हात, प्रत्येक हात वाळू देऊन. एकदाच ओला मारला तर केस चिकटून बसतात आणि मावळतीचा उजेड मागून आला की कपाळावरची बारीक लव उभी दिसते ती दिसतेच. त्या लवेसाठी जुना टूथब्रश, त्यावर स्प्रे.

गजरा सगळ्यात शेवटी, कारण स्प्रे बसला की कळ्या तपकिरी पडतात. गणपत गल्लीतून टपोऱ्या, मिटलेल्या कळ्यांचा मोगरा आणवला होता. गोरजेपर्यंत तो आपोआप उमलतो. पाणी मारलेला गजरा तसाच माळू नये, आधी पंच्यात टिपून घ्यावा, नाहीतर त्याच्या भारानं जाळी खाली येते. पीन कळीतून नाही, दोऱ्यातून घालायची.

सगळं झालं आणि वारं सुटलंच नाही.

पान हलत नव्हतं. मुलीनं आरशातून माझ्याकडं बघितलं. "कुठं आहे वारं?" शेजारी तिची बहीण मोकळ्या लाटा सोडून उभी, फोटोतल्यासारखीच. मी गजरा नीट करत राहिले.

उकडायला लागलं म्हणून डेकोरेशनवाल्यानं पाण्याचे फवारे मारणारे पंखे लावले, मांडवाच्या चारही कोपऱ्यांत. लाटा पाडायच्या गरम टॉंगनं दिलेला आकार केसातल्या कच्च्या बंधांवर उभा असतो. उष्णतेनं ते सुटतात, थंड होताना नव्या आकारात जुळतात, आणि ओल लागली की पुन्हा सुटतात. मुहूर्ताआधीच बहीण धावत आली, "माझे केस सरळ होऊलालेत की गे!" त्यावर तिथं इलाज नव्हता. मी तिची सैल वेणी घातली.

मग वराच्या आत्यानं डबा उघडला. आत बाशिंग होतं. तळहाताएवढं, मण्यांचं, चांगलं जड, दोन्ही बाजूंना दोरे. मुलीकडं कुणालाच याचा पत्ता नव्हता, कारण दोन घरांत जेवणाचा मेनू, बँड, मानपान सगळं बोलून झालेलं असतं, डोक्यावर काय बांधायचं तेवढं राहतं. आत्या म्हणाली, "गट्टी कट्टरी," म्हणजे घट्ट बांधा. मोकळ्या केसांवर ते घट्ट बांधलं असतं तर लाटांची दोरीखाली वळकटी झाली असती आणि सैल बांधलं असतं तर नाकावर आलं असतं. इथं दोरा कानांच्या वरून नेऊन आंबाड्याच्या माथ्यावर टेकवला, खाली आधार असल्यामुळं तो तिथून खाली येईना. कानामागं दोन्हीकडं एकेक यू पीन दोऱ्यावरून घातली, कपाळाच्या दोन्ही कडांना दोऱ्याखाली कापसाची घडी, नाहीतर वळ उठतो. पदराची पीन आंबाड्यात. होम झाला, सप्तपदी झाली, बाशिंग हललं नाही.

फोटो आल्यावर मुलीनं ते मला पाठवले, खाली एकच ओळ: समोरून मला केस आहेत असं वाटतच नाही.

तिचं खरं आहे. डोक्यावर पदर, कपाळावर बाशिंग, आंबाडा मागं. माझ्या दोन लाटा मुंडावळ्यांच्या लडींमागं झाकल्या गेल्या. समोरच्या कॅमेऱ्याला सगळी मेहनत दिसलीच नाही. टिकणं हे माझं काम, पण दिसणं हेसुद्धा माझंच.

त्यानंतर आंबाडा दोन इंच डावीकडं सरकवून डमीवर करून बघते आहे, म्हणजे कानाखालून मोगरा समोर दिसेल. पण मग उजवीकडं दोऱ्याला टेकायला काही उरत नाही. उजव्या कानशिलापासून आंबाड्यापर्यंत घट्ट पीळ घातला तर मुंडावळ्या त्यावर छान टेकतात. बाशिंग मात्र अजून डावीकडं कलतं. त्याचं नेमकं वजन कळलं तर पीळ किती जाड घ्यायचा ते ठरवता येईल. प्रत्येक नवरीला सांगते, सासरकडच्या वडीलधाऱ्या बाईला आधी फोन करून विचार. "विचारते" म्हणतात, आणि दुसऱ्या दिवशी नखांच्या डिझाइनचे फोटो पाठवतात.